पडद्यातली वीज

हॉस्टेलवर राहणाऱ्याला विजेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. लाईट गेली की पाच मिनिटांत मागच्या शेडमधला जनरेटर धडधडायला लागतो आणि डिझेलचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. आवाज नाही, धूर नाही, आत हायड्रोजन घातला की वीज आणि पाणी बाहेर, असं यंत्र असेल तर? असं यंत्र आहे आणि त्याचं नाव फ्युएल सेल. आमच्या मेकॅनिकलच्या पुस्तकात त्यावर जेमतेम दीड पान आहे. सेमिनारसाठी मी हा विषय घेतला आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. हे यंत्र स्वस्त होण्याचा रस्ता केसाएवढ्या जाडीच्या एका प्लॅस्टिकच्या पडद्यापाशी अडलेला आहे. त्या पडद्याची गोष्ट सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही घाबरू नये, बारावीची केमिस्ट्री पुरेशी आहे.

फ्युएल सेल म्हणजे नेमकं काय?

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हा प्रयोग आपण शाळेत पाहिलाय. फ्युएल सेलमध्ये हेच उलटं घडतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी होतं आणि वीज मिळते. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्येच हे करून दाखवलं होतं.

आता हे दोन वायू नुसते एकत्र करून काडी लावली तर भडका उडेल, वीज मिळणार नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक पडदा ठेवतात. यालाच मेम्ब्रेन म्हणतात. त्याने तीन कामं करायची. वायूंना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, इलेक्ट्रॉनला आतून जाऊ द्यायचं नाही आणि आयनला मात्र झटपट पलीकडे सोडायचं. इलेक्ट्रॉनला आतून वाट नसल्यामुळे तो बाहेरच्या तारेने वळसा घालून जातो, आणि त्या वळशात आपला दिवा लागतो. एका सेलचा व्होल्टेज सिद्धांताने १.२३, प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ व्होल्ट. म्हणून सेलची चळत रचावी लागते. तिला स्टॅक म्हणतात.

अॅसिड की अल्कली?

आज गाड्यांमधून दिसणारे फ्युएल सेल बहुतेक अॅसिडवाले आहेत. त्यांच्यात पडद्यातून प्रोटॉन जातो. त्यासाठी ड्युपॉन्ट कंपनीच्या वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात शोधलेलं नाफिऑन नावाचं फ्लोरिनयुक्त पॉलिमर वापरतात. ते दणकट आहे आणि वाहकही उत्तम. अडचण एवढीच की अशा अॅसिडी वातावरणात साधे धातू गंजून विरघळतात. तग धरतो तो प्लॅटिनम, आणि प्लॅटिनमचा भाव कोणाला सांगायला नको!

अल्कलाइन, म्हणजे आम्लारीधर्मी सेलमध्ये मात्र निकेल, चांदी, कोबाल्ट, लोह असे धातू उत्प्रेरक म्हणून टिकू शकतात. हेच त्याचं खरं आकर्षण. इथे पडद्यातून प्रोटॉन जात नाही. हवेच्या बाजूला ऑक्सिजन आणि पाणी मिळून हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, ते पडद्यातून हायड्रोजनच्या बाजूला येतात आणि तिथे पाणी बनवतात. अर्थात सगळं फुकट नाही. अल्कलीमध्ये हायड्रोजनची अभिक्रिया हळू चालते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बऱ्याच विक्रमी सेलमध्ये त्या बाजूला अजूनही प्लॅटिनम गटातलेच धातू असतात. हे वाचताना ध्यानात ठेवावं.

चंद्रावर गेला, रस्त्यावर अडला

अल्कलाइन सेल नवा नाही. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन या इंजिनिअरने १९३० च्या दशकापासून त्यावर काम केलं आणि १९५९ मध्ये सुमारे ५ किलोवॅटचा सेल चालवून दाखवला. त्याच तंत्रावरचे सेल अपोलो यानांत बसले. अंतराळवीरांना वीज मिळायची आणि प्यायला पाणीही त्याच सेलमधून! तेव्हा पडद्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण असायचं.

मग पृथ्वीवर काय बिघडलं? उत्तर हवेत आहे, कार्बन डायऑक्साइड. चुन्याची निवळी उघडी ठेवली की वर साय धरते, भिंतीला दिलेला चुना हळूहळू दगडासारखा कडक होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीशी संयोग पावून कार्बोनेट बनवतो, त्याचाच हा परिणाम. फ्युएल सेलमध्ये पोटॅशियम कार्बोनेटचे स्फटिक इलेक्ट्रोडची छिद्रं बुजवतात. यानात शुद्ध ऑक्सिजन नेलेला असतो, तिथे हा प्रश्न नाही. इथल्या हवेत दहा लाख रेणूंमागे चारशेच्या वर कार्बन डायऑक्साइडचे असतात, आणि तेवढे पुरतात. १९७० च्या सुमारास कार्ल कोर्डेश यांनी ऑस्टिन कंपनीच्या एका मोटारीत असा सेल बसवून ती रस्त्यावर चालवली, पण आत येणारी हवा सोडालाइममधून गाळून घ्यावी लागे.

यावर उपाय निघाला तो घन पडद्याचा. पॉलिमरच्या साखळीला धन प्रभाराचे गट कायमचे टाचून ठेवायचे आणि फक्त हायड्रॉक्साइडला मोकळं सोडायचं. मोकळा पोटॅशियमच नाही, त्यामुळे स्फटिकही नाहीत. कार्बोनेट आयन तयार होतात आणि हायड्रॉक्साइडपेक्षा सुस्त असल्याने व्होल्टेज खातात, पण सेल बुजून कायमचा बंद पडत नाही. अशा पडद्याला अॅनायन एक्स्चेंज मेम्ब्रेन म्हणतात.

ज्याला वाट द्यायची, तोच वाट लावतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोड्यातला तोच दाहक घटक, ज्याने हात भाजतो आणि तेलाचा साबण होतो. अशा पाहुण्याला ६० ते ९० अंश तापमानात, हजारो तास, पॉलिमरच्या अंगातून ये-जा करू द्यायची आहे. तो जाता जाता दोन ठिकाणी घाव घालतो.

पहिला घाव धन प्रभाराच्या गटावर. हा गट बहुधा क्वाटर्नरी अमोनियम असतो, म्हणजे चार कार्बन धरून बसलेला नायट्रोजन. हायड्रॉक्साइड थेट शेजारच्या कार्बनवर चाल करून गट तोडतो, नाहीतर बाजूचा हायड्रोजन ओढून नेतो. दुसरा प्रकार म्हणजे आपण बारावीला पाठ केलेलं हॉफमन एलिमिनेशन. परीक्षेत मार्क देणारी अभिक्रिया इथे मार्क कापते! काही पडदे असे तुटू लागले की ट्रायमिथाइल अमाइन सुटतं, त्याला सडक्या माशांसारखा वास येतो. गट गेले म्हणजे आयनची वाट बंद.

दुसरा घाव पॉलिमरच्या कण्यावर. जुन्या पडद्यांत पॉलिसल्फोनसारखी पॉलिमर वापरत. त्यांच्या साखळीत दोन बेंझिन कड्यांना एका ऑक्सिजनने जोडलेलं असतं. जवळ धन प्रभार असला की हा जोड कमकुवत होतो आणि हायड्रॉक्साइड नेमका तिथेच तोडतो. साखळीचे तुकडे पडले की पडदा ठिसूळ होतो, चिरतो, आणि हायड्रोजन थेट हवेच्या बाजूला घुसतो.

म्हणजे बघा, वाहकता वाढवायची तर धन गट जास्त लावायला हवेत, आणि गट जास्त लावले की तुटायच्या जागाही वाढतात. शिवाय हायड्रॉक्साइड मुळात प्रोटॉनपेक्षा मंद. २५ अंशांच्या पाण्यात त्याची वाहकता प्रोटॉनच्या साधारण ५७ टक्केच भरते. त्यामुळे गट वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो.

साबुदाण्याचं गणित

तिसरा घटक पाणी. हायड्रॉक्साइड पाण्यावाचून हलत नाही, म्हणून पडदा ओला हवा. किती ओला? आपल्या मेसमधल्या एकादशीच्या खिचडीचा अनुभव आठवा. साबुदाणा कमी भिजला तर दाताखाली कडक, जास्त भिजला तर गोळा. पडद्याचंही तसंच. धन गट वाढले की पडदा जास्त पाणी पितो, फुगतो, लिबलिबीत होतो आणि इलेक्ट्रोडपासून सुटतो. पाणी कमी पडलं तर वाहकता घसरते आणि आणखी एक वाईट गोष्ट होते. हायड्रॉक्साइडभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं तोवर तो थोडा माणसाळलेला राहतो. कडं सुटलं की पिसाळतो आणि गट जास्त वेगाने तोडतो.

चालू सेलमध्ये पाण्याची विभागणी तर फारच विषम. हायड्रोजनच्या एका रेणूमागे त्याच्या बाजूला पाण्याचे दोन रेणू तयार होतात, आणि हवेच्या बाजूला एक रेणू खर्च होतो. म्हणजे एका पडद्याच्या एका अंगाला पूर आणि दुसऱ्या अंगाला दुष्काळ. आपल्या जिल्ह्याला हे चित्र नवीन नाही!

उपाय कोणते निघाले?

एक, कणाच बदलायचा. साखळीत ऑक्सिजनचा जोड ठेवायचाच नाही, सगळे जोड कार्बन-कार्बनचे. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक चांगल्या पडद्यांचं हे पहिलं पथ्य आहे.

दोन, धन गट दमदार निवडायचा. जर्मनीत क्रॉयर आणि मारिनो यांनी २०१५ मध्ये वेगवेगळे गट सहा मोलर कॉस्टिकमध्ये १६० अंशांवर ठेवून ते निम्मे तुटायला किती वेळ लागतो ते मोजलं. जुना लोकप्रिय बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियम सुमारे ४ तासांत निम्मा झाला. पाइपरिडिनियम या कडीच्या आकाराच्या गटाचा एक नमुना मात्र सुमारे ८७ तास टिकला. कडीमुळे अणूंना एलिमिनेशनसाठी लागणारी ठेवण सहज घेता येत नाही, हे त्याचं रहस्य.

तीन, गटांची संख्या न वाढवता त्यांची मांडणी सुधारायची. माजलगावच्या कालव्याचं पाणी नुसतं माळावर सोडून दिलं तर ते जागीच जिरेल. तेच पाणी चारीतून सोडलं तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतं. धन गट लांब बाजूच्या साखळ्यांच्या टोकाला लावले की ते आणि पाणी एकत्र जमून पडद्यात सलग वाटा तयार होतात. उरलेला भाग कोरडा राहून पडद्याला बळकटी देतो. थोड्या गटांत जास्त वाहकता.

चार, साखळ्या एकमेकींना टाके घालून बांधायच्या, म्हणजे क्रॉसलिंकिंग, किंवा आत सच्छिद्र प्लॅस्टिकची जाळी घालायची. आरसीसीत सळई घालतो तसंच, सिव्हिलवाल्यांना लगेच पटेल. फुगणं आटोक्यात येतं. टाके जास्त झाले तर पडदा ठिसूळ होतो, तेवढं भान हवं.

आकडा एकटा वाचायचा नाही

या विषयावरचे पेपर वाचताना मी एक नियम करून घेतलाय. वाहकतेचा आकडा दिसला की शेजारी चार प्रश्न लिहायचे: किती तापमानाला, किती तासांनंतर, किती फुगून, आणि हवा कुठली?

उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात युशान यान यांच्या गटाने २०१९ मध्ये पाइपरिडिनियमच्या पडद्याचा सेल ९५ अंशांवर ३०० तास चालवला. काम खरंच मोठं आहे. पण हवा कार्बन डायऑक्साइड काढलेली होती. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, साउथ कॅरोलायनातल्या मस्टेन यांच्या गटासह काही संशोधकांनी २००० तासांचा टप्पा गाठला. मोटारीच्या फ्युएल सेलसाठी अमेरिकी ऊर्जा खात्याने ठरवलेलं लक्ष्य ५००० तासांचं, आणि वर्षाचे तास ८७६०. म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या सेलला २००० तास हे तीन महिनेही नाहीत.

आणखी एक. बरेचदा टिकाऊपणाची परीक्षा बीकरमध्ये होते. पडदा ८० अंशांच्या पोटॅश द्रावणात बुडवून ठेवतात. तिथे पाणी मुबलक. खऱ्या सेलमध्ये हवेची बाजू कोरडी पडते आणि वर सांगितलेला पिसाळलेला हायड्रॉक्साइड तिथे भेटतो. बीकरमध्ये पास झालेला पडदा सेलमध्ये नापास होऊ शकतो. प्रॅक्टिकलमध्ये पैकीच्या पैकी आणि थिअरीत केटी, असे आपल्याकडेही असतातच की!

आपल्या महाराष्ट्रात काय चाललंय?

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, या क्षेत्रातलं आपलं जवळचं ठिकाण. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ तिथे संचालक होते, आणि त्यांचा स्वतःचा विषयही पॉलिमरच. ऑक्टोबर २०२० मध्ये केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी देशी स्टॅकवर चालणाऱ्या हायड्रोजन मोटारीची चाचणी एनसीएलच्या आवारात घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच त्यांची हायड्रोजन बस लोकांसमोर आली. सप्टेंबर २०१९ मध्ये सीएसआयआर आणि पुण्याच्या थरमॅक्सने ५ किलोवॅटचा फ्युएल सेल संच सादर केला होता. तो मिथेनॉल किंवा बायोमिथेनवर चालतो आणि ऑफिस, हॉस्पिटल, मोबाईल टॉवर अशा ठिकाणी डिझेल जनरेटरची जागा घ्यावी हा त्यामागचा हेतू.

हे तिन्ही सेल अॅसिडवाले आहेत, अल्कलाइन नाहीत, हे सांगायलाच हवं. पण पडद्याचं शास्त्र वाया जात नाही. उच्च तापमानाच्या अॅसिड सेलमध्ये पीबीआय नावाचं पॉलिमर फॉस्फोरिक अॅसिडमध्ये भिजवून वापरतात. तेच पीबीआय पोटॅशच्या द्रावणात भिजवलं की हायड्रॉक्साइडचा वाहक होतं, आणि जगात त्यावर संशोधन चालू आहे. म्हणजे अॅसिडवर शिकलेला हात अल्कलीवरही चालतो.

दुसरी गोष्ट, हाच अॅनायन पडदा पाण्यापासून हायड्रोजन बनवणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्येही लागतो. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. स्वस्त आणि टिकाऊ पडदा दोन्हीकडे खपेल.

बीडचा हिशोब : वीज आणि पाणी

आता थोडं आपल्या अंगणातलं. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, मशीन होती, पाणी नव्हतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. त्या मर्यादेत राहूनही २५० मेगावॅटच्या एका संचाला तासाला पावणेनऊ लाख लिटर पाणी लागतं.

फ्युएल सेल पाणी देतो, मग दुष्काळी भागाला वरदानच, असं म्हणायचा मोह होतो. पण हिशोब नीट करू. हॉस्टेलला ५ किलोवॅट, चार तास, म्हणजे २० युनिट वीज हवी. पन्नास टक्के कार्यक्षमतेच्या सेलमध्ये १ किलो हायड्रोजनपासून साधारण साडेसोळा युनिट मिळतात. म्हणजे सव्वा किलोच्या आत-बाहेर हायड्रोजन. तो इलेक्ट्रोलायझरने बनवायला साठ-पासष्ट युनिट वीज आणि अकरा लिटर शुद्ध पाणी. पाणी शुद्ध करताना वाया जाणारं वेगळं. सेलमधून तेच अकरा लिटर परत निघतं, त्यातलं बरंचसं वाफेच्या रूपात. नवं पाणी तयार होत नाही, घातलेलंच परत येतं. आणि तिप्पट वीज घालून एकपट मिळते.

चार तासांसाठी बॅटरीच बरी, हे मी स्पष्ट लिहितो. फ्युएल सेलचा उपयोग तिथे, जिथे वीज दिवसेंदिवस साठवायची आहे किंवा अवजड ट्रक दूर पळवायचा आहे. आणि तिथेही तो परवडेल, तो प्लॅटिनम सुटला आणि पडदा टिकला तरच. म्हणून या पातळ पडद्याला एवढं महत्त्व.

प्रोजेक्ट करायचाय?

ज्युनिअर मित्रांसाठी थोडं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारं, स्वस्त पॉलिमर. त्याचा पातळ थर ओतून वाळवायचा, ग्लुटाराल्डिहाइडने क्रॉसलिंक करायचा आणि पोटॅशच्या द्रावणात भिजवायचा. विक्रमी पडदा होणार नाही, पण शिकायला उत्तम. टाके कमी-जास्त करून फुगणं किती बदलतं ते साध्या वजनकाट्यावर आणि व्हर्निअरवर मोजता येतं. वाहकतेसाठी इम्पीडन्सचं उपकरण लागेल, त्याची व्यवस्था सरांकडून आधी करून घ्या.

काळजी मात्र पूर्ण घ्या. पोटॅश आणि ग्लुटाराल्डिहाइड दोन्ही वाईट. हातमोजे आणि गॉगल हवेतच, ग्लुटाराल्डिहाइडचं काम फ्यूम हूडमध्ये आणि सरांसमोर करायचं. गरम अल्कली काच खाते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची बाटली वापरा. अॅल्युमिनियमचं भांडं तर चुकूनही नको, त्यातून हायड्रोजन सुटतो.

आणि टिकाऊपणाची चाचणी वगळू नका. बहुतेक जण वाहकता मोजून रिपोर्ट बांधतात, कारण ती एका दुपारी होते. हजार तास म्हणजे जवळपास ४२ दिवस, ओव्हन एकाच तापमानाला. आपल्याकडे लाईट जाते, तर तसं लिहा. वेळ आणि तापमान वहीत नोंदवा, खंड पडला तो दाखवा. पहिल्या दिवसाचा एक आकडा आणि ४२ व्या दिवसाचा एक आकडा शेजारी शेजारी ठेवलेला रिपोर्ट जाडजूड नसला तरी कामाचा असतो. पडदा कसा आहे हे पहिला आकडा सांगत नाही, दुसरा सांगतो.

बघा विचार करून! ज्याला करायचंय त्याने मला मेसमध्ये गाठावं, माझ्याकडची टिपणं द्यायला मी तयार आहे.